विकतची टाळी

नाटक आणि गायन ह्यांविषयींचें पाश्चात्य लिखाण वाचणाऱ्या विद्यार्थ्यास 'क्लाक' हा शब्द केव्हां ना केव्हां भेटतोच. कोशांत पाहिलें तर पैसे घेऊन टाळ्या वाजविणाऱ्या लोकांचा जमाव असा अर्थ सांपडतो, आणि विद्यार्थी समाधान पावून पुढच्या ओळीकडे वळतो. वस्तुतः थांबावें असें स्थळ हेंच आहे. ज्या समाजास अशा जमावासाठीं एक स्वतंत्र नांव लागलें, त्या समाजांत ही गोष्ट क्वचित् आणि चोरून घडणारी खास नव्हती. तो एक रीतसर धंदा होता. त्याचे नियम होते, दर होते, अधिकारी होते. त्या धंद्याची हकीकत सांगावी आणि तिच्या अनुषंगानें आपल्या स्वतःच्या टाळ्यांविषयीं थोडें बोलावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शब्द फ्रेंच आहे. त्या भाषेंत 'क्लाके' म्हणजे टाळी देणें, फट्दिशी आवाज करणें, त्यावरून 'क्लाक'. आपल्या 'फटका', 'कडकडाट' ह्या शब्दांप्रमाणें हाही नुसत्या ध्वनीवरून बनलेला आहे. दोन तळहात एकमेकांवर आपटले असतां जो आवाज होतो तो फ्रेंच माणसाच्या कानांस तसा ऐकूं आला, इतकेंच. मौज अशी कीं, त्याच भाषेंत 'क्लाक' म्हणजे गालावर बसलेली चपराकही होय. हात तोच, आवाजही तोच. दुसऱ्या हातावर पडला तर गौरव आणि दुसऱ्याच्या गालावर पडला तर अपमान! पुढें फट्दिशी मिटणाऱ्या एका उंच टोपीसही हेंच नांव मिळालें. नाटकगृहाच्या अडचणींत तिची घडी करून ठेवतां येई. भाडोत्री टाळी देणाऱ्या इसमास 'क्लाकर' म्हणत व त्यांच्या नायकास 'शेफ द क्लाक', म्हणजे टाळीपथकाचा मुख्य.

मराठींत ह्यास नेमका प्रतिशब्द मला आढळला नाहीं. 'टाळकरी' हा शब्द एकदम जिभेवर येतो खरा, परंतु तो येथें वापरणें म्हणजे शुद्ध अन्याय होईल. वारींतला टाळकरी स्वतःच्या पदरचें खाऊन, ऊनपाऊस सोसून पंढरीची वाट चालतो. त्यास कोणी मजुरी देत नाहीं. 'खुषमस्कऱ्या' हा शब्द अर्थानें जवळचा आहे, पण तो दरबारांत एकटा वावरतो. 'क्लाक' हें पथक आहे आणि त्याचें सारें बळ त्याच्या संख्येंत आहे. म्हणून मी ह्या लेखांत 'विकतची टाळी' असेंच म्हणणार आहें.

शब्द फ्रेंच असला तरी वस्तु फार जुनी आहे. प्राचीन रोमांत नाटक संपलें म्हणजे नट प्रेक्षकांस उघडपणें टाळ्या मागे. प्लाउटस आणि टेरेन्स ह्यांच्या सुखान्त नाटकांचा शेवट ह्या मागणीनेंच होतो. (आपलीं संस्कृत नाटकें भरतवाक्यानें संपतात आणि त्यांत राजा, प्रजा, पर्जन्य ह्यांचें कल्याण मागितलेलें असतें. स्वतःसाठीं टाळी मागण्याचा प्रघात तेथें नाहीं, हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.) टाळी वाजविणें ह्या अर्थाचें जें लॅटिन क्रियापद, त्यावरूनच इंग्रजीतील 'अप्लॉज' हा शब्द आला आणि, पुष्कळांस आश्चर्य वाटेल, 'एक्सप्लोड' हाही त्यावरूनच आला! आज त्याचा अर्थ स्फोट होणें असा आहे. मूळचा अर्थ मात्र टाळ्या पिटून, गलका करून नटास रंगमंचावरून हांकलून देणें असा होता. अर्थात् टाळीनें माणूस चढवितां येतो तसा पाडतांही येतो, हें त्या लोकांस तेव्हांच ठाऊक होतें.

त्याच रोमांत नीरो बादशहा होऊन गेला. त्यास गाण्याचा फार नाद. स्वेटोनियस नांवाचा चरित्रकार सांगतो कीं, नेपल्स येथें कांहीं अलेक्झांड्रियाकर मंडळींनीं तालावर दिलेल्या टाळ्या ऐकून बादशहा इतका भुलला कीं, त्यानें पांच हजारांहून अधिक धट्टेकट्टे तरुण निवडून त्यांच्या टोळ्या पाडल्या व त्यांस ही विद्या शिकविली. टाळ्यांचे तीन प्रकार असत. एक मधमाश्यांच्या गुंजारवासारखा, दुसरा कौलांवर सर पडावी तसा, तिसरा खापऱ्या आपटल्यासारखा. टोळ्यांच्या नायकांस प्रत्येकीं चार लक्ष सेस्टर्स इतकी रक्कम मिळे. ज्याच्या एका शब्दानें माणसाचें मस्तक उडत असे, त्या सम्राटास टाळ्या विकत घ्याव्या लागल्या, हें वाचून मला तरी हंसूं येण्याऐवजीं त्याची कींव येते. ह्याच कारणामुळें पुढें पॅरिसमधील लोक भाडोत्री टाळीवाल्यांस थट्टेनें 'रोमन' म्हणत.

हें वेड न्यायमंदिरांतही शिरलें. धाकटा प्लिनी स्वतः वकील होता. एका पत्रांत तो तक्रार करतो कीं, हल्लीं वकिलांच्या भाषणांस वाहवा देण्यासाठीं माणसें भाड्यानें आणतात. त्याच्याच दोन दासांस माणशीं तीन दिनार देऊन असेंच ओढून नेलें होतें. अशा लोकांस लॅटिनमध्यें एक विनोदी नांव पडलें होतें. जेवणासाठीं स्तुति करणारे, असा त्याचा आशय. आपण 'भोजनभाऊ' म्हणूं तसाच!

देवालयही ह्यापासून अलिप्त राहिलें नाहीं. इ. स. ४०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथें योहान ख्रिसोस्तोम हे बिशप होते. ख्रिसोस्तोम म्हणजे सुवर्णमुख. वक्तृत्वामुळें त्यांस मिळालेलें हें नांव. त्यांच्या उपदेशाच्या वेळीं श्रोते नाटकगृहांतल्याप्रमाणें टाळ्या देत. त्या टाळ्या विकतच्या नव्हत्या, मनापासूनच्याच होत्या, तरी त्या साधु पुरुषास त्या रुचत नसत. एके दिवशीं उपदेश करतां करतां त्यांनीं सांगितलें कीं, येथें टाळ्या न देण्याचा नियम आपण करूं या; श्रोत्यांनीं शांतपणें ऐकावें आणि घरीं जाऊन आचरावें. हें बोलणें लोकांस इतकें आवडलें कीं, त्यांनीं त्यासही टाळ्या दिल्या!

आतां पॅरिसकडे वळूं. सोळाव्या शतकांत जां दोरा नांवाच्या कवीनें आपल्या नाटकाचीं तिकिटें स्वतःच विकत घेऊन, स्तुति करण्याचें वचन देणाऱ्यांस फुकट वांटलीं, अशी गोष्ट सांगतात. परंतु ह्या उद्योगास धंद्याचें स्वरूप आलें तें १८२० सालीं. त्या वर्षीं सोतों आणि पोर्शे ह्या दोन गृहस्थांनीं पॅरिसमध्यें एक कचेरी थाटली. नाट्ययशाची विमा-कचेरी, असेंच तिच्या नांवाचें भाषांतर करावें लागेल. नाटकगृहाच्या चालकानें तेथें जावें, इतकीं माणसें हवींत म्हणून सांगावें, आणि तितकीं माणसें ठरल्या वेळीं हजर व्हावींत, असा तेथील व्यवहार होता.

हीं माणसें केवळ हात आपटीत नसत. त्यांच्यांत कामाची वांटणी असे. कांहींजण नाटकाचा अगोदर कसून अभ्यास करीत आणि अंकांमधील विश्रांतींत शेजाऱ्यास "हा प्रवेश पाहिलात काय? ही जागा ऐकलीत काय?" असें म्हणून गुण दाखवीत. कांहींजण 'हंसे'; विनोद आला कीं मोठ्यानें हंसणें हें त्यांचें काम. कांहीं 'रडे', ह्या बहुधा स्त्रिया असत आणि करुण प्रसंगीं डोळ्यांस रुमाल लावीत. 'गुदगुल्या करणारे' असाही एक वर्ग होता. सभोंवतालच्या लोकांस गोड बोलून प्रसन्न ठेवणें ही त्यांची कामगिरी. शेवटचा वर्ग "बिस! बिस!" असें ओरडून तेंच गाणें पुन्हां म्हणावयास लावणाऱ्यांचा.

ह्या 'बिस'विषयीं एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाहीं. 'बिस' म्हणजे दोनदां. शब्द लॅटिन, ओरडणारे फ्रेंच. इंग्रज प्रेक्षकांस तेंच गाणें पुन्हां हवें असलें म्हणजे ते 'आंकोर' असें ओरडतात. हा शब्द फ्रेंच, पण फ्रेंच लोक त्या प्रसंगीं तो वापरीत नाहींत. आणि आपल्याकडे १८८० सालीं किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आल्यापासून संगीत नाटकांचें जें वेड लागलें, त्यांत प्रेक्षक ओरडूं लागले तें 'वन्समोअर'! शब्द इंग्रजी, परंतु इंग्रज नाटकगृहांत तसें ओरडत नाहींत. सारांश, प्रत्येकास आपला आनंद उसन्या शब्दांत व्यक्त करण्याची हौस दिसते.

१८३१ पासून १८३५ पर्यंत पॅरिसच्या सरकारी संगीत-नाटकगृहाचा चालक व्हेरों नांवाचा एक डॉक्टर होता. त्याच्या अमदानींत टाळीपथकाचा मुख्य जो ओग्यूस्त, तो आपल्या कलेंत इतका निष्णात मानला जाई कीं, नवा खेळ लागण्यापूर्वीं चालक त्याच्याबरोबर बसून कोठें किती जोराची टाळी पडावी ह्याचा विचार करी. ओग्यूस्त तालमींस हजर राही व टिपून घेई. त्याचीं माणसें इतर लोकांच्या आधीं निराळ्या दारानें आंत जात आणि खालच्या भागीं मधोमध, मोठ्या झुंबराखालीं बसत. म्हणून त्यांस 'झुंबराचे सरदार' असें उपहासानें म्हणत. चालकाकडून ओग्यूस्तला तिकिटें मिळत. त्यांतलीं कांहीं तो विकी. गायक आणि नर्तकी त्याला निराळे पैसे देत. खालच्या माणसांपैकीं पुष्कळांस रोख कांहींच मिळत नसे. फुकटची जागा हीच त्यांची मजुरी. बेर्लियोझ ह्या संगीतकारानें १८५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकांत ह्या मंडळींची यथेच्छ टर उडविली आहे. तीं पानें ज्यांस फ्रेंच येतें त्यांनीं अवश्य वाचावीं.

ह्या प्रथेच्या बाजूनें बोलणारेही होते, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. प्रेक्षक भित्रे असतात. आवडलें तरी पहिली टाळी देण्यास कोणी धजत नाहीं. कोणी तरी आरंभ केला म्हणजे इतरांचे हात मोकळे होतात. कठीण गाण्यानंतर गायकास क्षणभर दम घ्यावयास मिळतो. पहिल्याच रात्रीं थरथरणाऱ्या नव्या नटीस धीर येतो. हें सारें खरें मानलें तरी माझ्या मनांतील एक शंका त्यानें फिटत नाहीं. त्या नटीस दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपण कसें काम केलें हें कशावरून कळावें? प्रेक्षकांची टाळी आणि प्रेक्षकांचें मौन हीं नटाचीं तराजूचीं दोन पारडीं होत. एका पारड्यांत स्वतःच्याच खिशांतले वजन टाकून ठेवणाऱ्यास आपल्या मालाचा तोल कधींच समजणार नाहीं. फसतात ते प्रेक्षक, असें आपण समजतों. पण ते एका रात्रीपुरते फसतात आणि घरीं जातात. पैसे देणारा मात्र प्रत्येक रात्रीं फसतो. समोर आवाज झाला तर तो आपल्या गुणांचा कीं आपल्या पैशांचा, हें त्याचें त्यालाच उमगत नाहीं.

शिवाय विकत घेतलेली टाळी फार दिवस तुमची राहत नाहीं. इटलींत ह्याचा अनुभव आला. लंडनच्या 'म्युझिकल टाइम्स' ह्या मासिकानें १९१९ सालीं तेथील टाळीचें एक दरपत्रकच छापलें. प्रवेशाच्या वेळची टाळी, पुरुष असल्यास २५ लिरा, स्त्री असल्यास १५. खेळ चालू असतां साधी टाळी १० लिरा, आग्रहाची १५, त्याहून आग्रहाची १७. मध्येंच 'वाहवा' म्हणावयाचें असल्यास ५. कांहींही करून 'बिस' मिळवून देण्याचे ५०. आणि बेभान उत्साहासाठीं रक्कम वेगळी ठरवावी. आमच्या इयत्ता सातवींतील मुलांस हा त्रैराशिकासाठीं उत्तम मजकूर आहे! पण दरपत्रकांत न छापलेलीही एक बाब असे. जो पैसे देणार नाहीं त्याच्या वेळीं शिट्टी. एकदां टाळीस किंमत आली कीं मौनासही येते, आणि मग गायक आपल्या कीर्तीचा धनी न राहतां आपल्याच नोकरांचा ऋणको होऊन बसतो. १८९७ सालीं व्हिएन्नाच्या राजसंगीतगृहाचा कारभार हातीं घेतल्यावर गुस्ताव माहलरनें हें खूळ बंद करण्याची खटपट केली. परंतु तें एकाच्या आज्ञेनें मरण्याजोगें नव्हतें.

मग भाडोत्री टाळी वाईट आणि प्रेमाची टाळी चांगली, असें म्हणून मोकळें व्हावें काय? प्रश्न इतका सोपा नाहीं. २५ फेब्रुवारी १८३० रोजीं व्हिक्टर ह्यूगोच्या 'एर्नानी' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. ह्यूगोनें नेहमींचें टाळीपथक नाकारलें आणि त्याऐवजीं आपल्या चाहत्या तरुणांस, चित्रकारांस, कवींस बोलावलें. त्यांस तांबड्या कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या आणि त्यांवर लोखंड ह्या अर्थाचा एक स्पॅनिश शब्द होता. तीं पोरें कित्येक तास आधीं नाटकगृहांत शिरलीं, तेथेंच खाल्लें-प्यालें, आणि पडदा उघडल्यावर जुन्या मताच्या लोकांशीं त्यांची जी जुंपली ती इतिहासांत 'एर्नानीची लढाई' ह्या नांवानें नमूद आहे. त्यांतला तेओफिल गोतिये तांबडी बंडी घालून आला होता व ती बंडी पुढें नाटकाइतकीच प्रसिद्ध झाली. ह्या तरुणांस कवडीही मिळाली नव्हती. तरी टाळी द्यावयाची हें पडदा उघडण्यापूर्वींच ठरलें होतें. नाटक ऐकण्याआधीं ठरलेली टाळी आणि पैसे घेऊन दिलेली टाळी ह्यांत मोठा फरक आहे, हें मी मान्य करतों. एकींत निदान निष्ठा आहे. तथापि नाटकाविषयीं दोन्ही सारख्याच मुक्या आहेत.

पॅरिसचे ते झुंबराचे सरदार आतां राहिले नाहींत. त्यांचें काम मात्र चालू आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स डग्लस नांवाच्या ध्वनितज्ज्ञानें एक पेटी बनविली. तिच्यांत लोकांच्या हंसण्याचे ध्वनि फितींवर सांठविलेले असत आणि कळा दाबल्या म्हणजे हवा तसा हंशा बाहेर पडे. दूरचित्रवाणीच्या विनोदी खेळांत तो मिसळीत. घरीं एकटा बसलेला माणूस त्या हंशाबरोबर हंसे. ज्यांच्याबरोबर तो हंसत होता तीं माणसें त्या विनोदाच्या वेळीं हजरच नव्हतीं! आणि सांप्रत तर भ्रमणध्वनीवर टाकलेल्या छायाचित्रास आणि चित्रफितीस मिळणाऱ्या पसंतीच्या खुणा शेकड्यांनीं व हजारांनीं विकत मिळतात. त्या देणारे हात कित्येकदां माणसांचेही नसतात. तेथील आंकडा पाहून आपली योग्यता ठरविणारीं मुलें आमच्या वर्गांत बसतात. सोतों आणि पोर्शे ह्यांची कचेरी मोडली असें कोण म्हणेल?

एवढा प्रवास केल्यावर शाळेच्या दिवाणखान्यांत पाऊल टाकण्यास हरकत नसावी. वार्षिक स्नेहसंमेलनांत आपल्या मुलाचा प्रवेश आला म्हणजे आईबाप जोरानें टाळ्या वाजवितात. कित्येक शिक्षकांस हें खपत नाहीं. मला त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. त्या टाळीचा अर्थ "तूं आमचा आहेस" इतकाच आहे आणि तो त्या मुलास बरोबर समजतो. आपण उत्तम अभिनय केला असा गैरसमज बहुधा कोणतेंही शहाणें मूल करून घेत नाहीं. माझा आक्षेप दुसऱ्या टाळीस आहे. पाहुण्यांचें भाषण चालू असतें. मुलें कंटाळलेलीं असतात. इतक्यांत भिंतीशीं उभे असलेले कोणी शिक्षक दोन हात जरा वर करून खूण करतात आणि तीनशें मुलें एकदम टाळ्या पिटतात. ही पद्धत पुष्कळ शाळांतून आहे. तींत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. पाहुण्यांचा मान राहावा एवढीच इच्छा. परंतु मूल त्यांतून काय शिकतें? आपणांस आवडलें कीं नाहीं, समजलें कीं नाहीं, ह्याचा आणि टाळीचा कांहीं संबंध नाहीं. खूण झाली कीं हात हलवावयाचे. ओग्यूस्तच्या माणसांस निदान फुकट नाटक पाहावयास मिळत होतें.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. पुढील संमेलनाच्या दिवशीं खूण करण्यासाठीं कोणीही उभें राहूं नये, आणि मुलांस आधीं वर्गांत सांगून ठेवावें कीं, आवडेल तेथें टाळी द्यावी, न आवडल्यास स्वस्थ बसून ऐकावें. शिट्टी, गलका आणि पाय आपटणें मात्र चालणार नाहीं. पालकांनींही त्या दिवशीं एक करून पाहावें. आपल्या मुलाच्या वेळीं हात दुखेपर्यंत टाळ्या द्याव्या, आणि दुसऱ्याच्या मुलाचें काम खरोखर चांगलें झालें तर त्यासही तितक्याच द्याव्या. ह्यावर कोणी म्हणेल, पाहुण्यांच्या भाषणानंतर सभा अगदींच थंड राहिली तर? राहूं द्यावी. पाहुणे सुज्ञ असतील तर पुढच्या वेळीं थोडक्यांत बोलतील. आणि माझा मुलांविषयींचा अनुभव असा आहे कीं, बोलणारा माणूस त्यांच्या उपयोगाचें एक वाक्य जरी बोलला तरी मागच्या बाकावरून, कोणीही न सांगतां, पहिली टाळी येते.